विठ्ठलाच्या आधी पुंडलिक

पंढरपुरात देवाचा जयजयकार सुरू होतो तो एका माणसाच्या नावानं. कीर्तन उभं राहायचं असो, दिंडीचा मुक्काम हलायचा असो की पंगत बसायची असो, 'पुंडलिक वरदा हारी विठ्ठल' हा घोष आधी उठतो आणि मग बाकीचं सगळं. वरद म्हणजे वर देणारा. पुंडलिकाला वर देणारा तो विठ्ठल. या घोषात शंख नाही, चक्र नाही, कुठल्या असुराचा वध नाही. देवाची ओळख करून द्यायची तर ती कुणाची तरी ओळख सांगून, आणि तो कुणीतरी म्हणजे आईबापांची सेवा करणारा एक मुलगा. दर्शनाचा शिरस्ताही तसाच आहे. चंद्रभागेत स्नान, वाळवंटातल्या पुंडलिकाला नमस्कार, मग महाद्वार.

नावाला असा एखादा शब्द कायमचा चिकटतो, कवितेत पुन्हा पुन्हा येतो आणि शेवटी नावापेक्षाही खरा वाटू लागतो. ग्रीक आणि लॅटिन काव्याच्या अभ्यासकांनी या प्रकाराचा दोनअडीच शतकं फार बारकाईनं विचार केला आहे. आपल्याकडे मात्र विशेषण म्हणजे व्याकरणाच्या तासाला ओळखून दाखवायचा शब्द, इथंच बहुतेकांची ओळख थांबते. खरं तर सोलापूर जिल्ह्याइतकी या शब्दांनी श्रीमंत भूमी दुसरी शोधावी लागेल. भीमेच्या काठी विठ्ठल, मंगळवेढ्याला चोखामेळा, कान्होपात्रा आणि दामाजी, आणि सोलापूर शहराच्या मधोमध तळ्यात सिद्धरामेश्वर. तिघाचौघांच्या नावाभोवतीचे शब्द नीट पाहिले तरी लक्षात येतं की हे शब्द ज्याला उद्देशून आहेत त्याचं वर्णन करत नाहीत. हाक मारणारा त्याच्या कोण लागतो, ते सांगतात.

लॅटिनमधलं सगळ्यांत गाजलेलं असं विशेषण म्हणजे 'पिउस'. व्हर्जिलच्या 'एनिड' या बारा सर्गांच्या महाकाव्याचा नायक एनिअस. त्याच्या नावाआधी हा शब्द येत राहतो. इंग्रजीच्या वाटेनं आलेला वाचक त्याचा अर्थ धार्मिक, सोवळा असा काही तरी लावतो आणि मग हा नायक त्याला कंटाळवाणा वाटतो. रोमन माणसाला त्या शब्दात तीन ऋणं ऐकू येत: देवांचं, आईबापांचं आणि मातृभूमीचं. ट्रॉय नगरी जळत असताना एनिअस म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेतो, कुलदेवतांच्या मूर्ती बापाच्या हातात देतो, लहान मुलाचं बोट धरतो आणि निघतो. या एका चित्रात तो सगळा शब्द आहे. पंढरपूरच्या माणसाला हे चित्र समजावून सांगायला वेळ लागणार नाही. आईबापांची सेवा चालली आहे म्हणून दारात आलेल्या देवाकडे वीट फेकून 'जरा थांब' म्हणणारा पुंडलिक त्याच्या ओळखीचा आहे. लॅटिन कवीला पुंडलिक भेटला असता तर त्यानं त्याच्याआधी 'पिउस' हाच शब्द लावला असता.

पण व्हर्जिल तिथं थांबत नाही. त्याचं मोठेपण असं की हा शब्द तो कुठं वापरतो आणि कुठं वापरत नाही, यातून गोष्ट सांगतो. जळत्या नगरीतून बाहेर पडताना एनिअसची बायको क्रेऊसा मागून चालत असते. ती वाटेत हरवते. बाप खांद्यावर, मुलगा बोटाला आणि बायको मागे. पुढे कार्थेजच्या राणीच्या, डिडोच्या प्रेमात तो रमलेला असतो, तेव्हा हा शब्द गप्प बसतो. देवांची आज्ञा येते, डिडो विनवण्या करते, तिला धीर द्यावा असं त्याच्या मनात असतं, तरी तो जहाजांकडे वळतो. नेमक्या त्या वळणावर 'पिउस' परत येतो. आणि दहाव्या सर्गात, मित्राच्या मरणानं पेटलेला एनिअस रणांगणात एका जखमी शत्रूशी कडवट शब्दांत बोलतो, तिथंही कवी त्याला 'पिउस'च म्हणतो. त्या शत्रूचा भाऊ त्याला कशाची शपथ घालून जीव मागतो? तुझ्यासारख्या मुलाला जन्म देणाऱ्या आईबापांची. एनिअस त्याला मारतो. दोन हजार वर्षं वाचक इथं अडखळत आले आहेत. ज्या ऋणानं माणूस मोठा झाला तेच त्याला इतकं कठोर कसं करतं, हा प्रश्न व्हर्जिल एका विशेषणातून विचारतो.

पुंडलिकाच्या कथेतही एक बायको मागे आहे. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली, तिला शोधत देव आला आणि पुंडलिकाच्या विटेवर अडकला, असं स्थलपुराण सांगतं. रुसव्याची खूण आजही टिकून आहे. पंढरपुरात विठ्ठलाच्या गाभाऱ्यात रुक्मिणी नाही, तिचं देऊळ मागच्या बाजूला वेगळं आहे. आणि ज्ञानेश्वरांच्या अभंगांची मुद्रा काय आहे? 'बाप रखुमादेवीवरु'. रखुमादेवीचा पती, तो माझा बाप. देवळात जी जोडी वेगवेगळ्या छताखाली उभी आहे तिला कवीनं आपल्या सहीत एकत्र आणलं. हा शब्द केवळ सवयीनं आलेला असेल असं मानणं अवघड आहे.

सवयीचा मुद्दा मात्र टाळता येत नाही. होमरच्या महाकाव्यात अकिलीस 'चपळ पायांचा' असतो, तो बसलेला असला तरीही. असं का? अमेरिकन अभ्यासक मिल्मन पॅरी यानं 1928 मध्ये पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधांत याचं उत्तर दिलं आणि होमरचा सगळा अभ्यास बदलून टाकला. ही ठरावीक विशेषणं म्हणजे तोंडी गाणाऱ्या कवीच्या हाताशी असलेले तयार तुकडे होत. ओळीत जेवढी जागा उरली तेवढ्या मापाचं विशेषण निवडायचं आणि पुढं जायचं. पॅरी पुढं युगोस्लाव्हियात गेला, तिथल्या निरक्षर गायकांची गाणी त्यानं ध्वनिमुद्रित केली आणि आपलं म्हणणं पडताळून पाहिलं. 1935 मध्ये तो तरुणपणीच गेला. त्याच्या सिद्धांतानंतर बरीच वर्षं असं झालं की महाकाव्यातल्या विशेषणाला अर्थ शोधू जाणारा भाबडा ठरू लागला.

कीर्तनाच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला हे निम्मंच पटेल. वारकऱ्यांचा व्यवहार धड लेखी नाही आणि धड तोंडी नाही. पोथी आहे, पण ती गळ्यातून गळ्यात गेलेली आहे. ज्ञानेश्वरीत अर्जुनाला किती नावांनी हाक मारली आहे: किरीटी, धनुर्धरा, सुभटा, कपिध्वजा, पंडुसुता, पांडवा, पार्था. ओवीचं माप सैल असतं, तिथं अक्षरं मोजून जागा भरायची सक्ती नाही. तरीही नावं बदलतात, कारण सांगणारा ऐकणाऱ्याला कधी चुचकारतो, कधी त्याच्यातला योद्धा जागा करतो, कधी आईची आठवण देतो. संस्कृत साहित्यशास्त्रानं यासाठी एक अलंकारच राखून ठेवला आहे. त्याचं नाव परिकर. हेतू मनात धरून योजलेली विशेषणं म्हणजे परिकर, असं मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त सांगितलं आहे. शास्त्रकारांना ठाऊक होतं की सगळी विशेषणं सारखी नसतात. काही जागा भरतात आणि काही जागा दाखवतात.

ज्ञानेश्वरी 1290 ची. तेव्हा देवगिरीवर रामचंद्रदेव यादव राज्य करत होता. यादवांच्या शिलालेखांत राजांच्या नावाआधी 'प्रौढप्रतापचक्रवर्ती' असं बिरुद येतं. पंढरपूरच्या देवळातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख याच राजाच्या काळातला, देणगी देणाऱ्यांची यादी नोंदवणारा. राजाचं बिरुद कुशल लेखकांनी रचलं, दगडावर आणि ताम्रपटावर कोरलं, तरी आज ते इतिहासाच्या विद्यार्थ्याशिवाय कुणाच्या तोंडी नाही. त्याच राज्यात एकविसाव्या वर्षी समाधी घेतलेल्या एका तरुणाला लोकांनी 'माउली' म्हटलं. कुणी कोरलं नाही, कुणी जाहीर केलं नाही. आषाढीच्या आधी ज्ञानेश्वरांची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात शिरते. तिथून नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असा पंढरपूरपर्यंतचा सगळा रस्ता या एका शब्दानं भरून जातो. रथातल्या पादुका माउली. रिंगणात धावणारा घोडा माउलींचा. शेजारी चालणारा अनोळखी म्हातारा माउली. चहाच्या टपरीवरचा पोरगा पाण्याचा तांब्या पुढं करत म्हणतो, 'घ्या माउली'. बंदोबस्तावरचा पोलीस गर्दीला वाट करून देतो तोही 'चला माउली' म्हणत. एरवी ज्याच्या तोंडून वेगळे शब्द ऐकायची सवय असते, त्याच्या तोंडून हे ऐकताना माणूस सुखावतो. एका संताचं विशेषण लाखो लोकांनी एकमेकांना वाटून दिलं, आणि ते कमी झालं नाही.

विठ्ठलाची आणखी दोन विशेषणं अशी आहेत की त्यांच्यावर विद्वान पिढ्यान् पिढ्या भांडत आले आहेत. पांडुरंग म्हणजे शब्दशः गोऱ्या रंगाचा. मूर्ती काळी. भक्त तिला सावळा म्हणतात आणि त्याच दमात पांडुरंगही म्हणतात, त्यांना त्यात काही अडत नाही. पंढरपूरचं जुनं कानडी नाव पंडरगे. त्या गावनावावरून देवाचं नाव घडलं आणि पुढं त्याला संस्कृतचा पेहराव मिळाला, असं अनेक अभ्यासकांनी मांडलं आहे. म्हणजे जो शब्द रंग सांगतो असं वाटतं तो मुळात पत्ता सांगतो. गावच्या नदीचीही तीच गोष्ट. भीमा इथं चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. रोमन कवी आपल्या टायबर नदीला 'फ्लावुस' म्हणजे पिवळी म्हणत राहिले, गढूळ पाण्यामुळे. पण तिचं नाव टायबरच राहिलं. पंढरपुरात विशेषणानं नावाची जागाच घेतली. पुण्याकडून भीमा म्हणून आलेली नदी वेशीवर चंद्रभागा होते आणि गाव संपलं की पुन्हा भीमा.

दुसरा वाद 'कानडा' या शब्दाचा. ज्ञानेश्वरांपासून संतांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं आहे. काहींच्या मते याचा अर्थ अगम्य, सहज न कळणारा. काहींच्या मते सरळ कर्नाटकातला. रा. चिं. ढेरे यांनी 1984 च्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात या देवाचं दक्षिणेशी, धनगर-गवळ्यांशी असलेलं नातं इतक्या पुराव्यांनिशी उलगडलं की दुसरा अर्थ नाकारणं कठीण झालं. महाराष्ट्राच्या दैवताला कानडी म्हटल्यानं काहींना अवघडल्यासारखं होतं. सोलापुरात तसं होण्याचं कारण नाही. इथं घरात मराठी, दुकानात कानडी आणि मागावर तेलुगू बोलणारी माणसं एकाच गल्लीत राहत आली आहेत. परका नाही, शेजारचा, एवढाच कानडा या शब्दाचा इथला अर्थ. आणि शेजाऱ्यांनीही हा देव आपल्या सहीत घेतला. कन्नड हरिदासांमधले सर्वांत मोठे पुरंदरदास आपल्या पदाच्या शेवटी 'पुरंदरविठ्ठल' अशी मुद्रा ठेवतात, विजयदास 'विजयविठ्ठल' अशी.

कन्नडमध्ये या सहीला 'अंकित' म्हणतात, आणि तिची परंपरा हरिदासांच्याही आधीची आहे. बाराव्या शतकातल्या शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतल्या शिवभक्तांनी, वचनं लिहिली. वचन म्हणजे छंदाचं बंधन नसलेलं, बोलण्याच्या लयीतलं काव्य. प्रत्येक वचनाच्या शेवटी देवाचं नाव येतं आणि ते प्रत्येक कवीचं वेगळं. बसवण्णांचं 'कूडलसंगमदेव', अल्लमप्रभूंचं 'गुहेश्वर', अक्कमहादेवीचं 'चन्नमल्लिकार्जुन'. शिव एकच, पण ज्यानं त्यानं त्याला आपल्या नात्याचं नाव दिलं. कवीनं स्वतःचं नाव घातलेलं नसतं, तरी वचन कुणाचं हे या नावावरून कळतं. सोलापूरच्या सिद्धरामांचं अंकित 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन'. त्यातला मल्लिकार्जुन श्रीशैलचा. कथा अशी की सोन्नलगीच्या, म्हणजे जुन्या सोलापूरच्या रानात गुरं राखणाऱ्या मुग्ध मुलासमोर एक जंगम आला आणि त्यानं दहीभात मागितला. मुलगा घरून भात घेऊन येतो तो जंगम नाहीसा. 'मल्लय्या, मल्लय्या' अशा हाका मारत मुलगा श्रीशैलपर्यंत गेला, देव दिसेना म्हणून कड्यावरून उडी टाकायला निघाला, तेव्हा मल्लिकार्जुनानं हात धरला. परत येऊन त्यानं देऊळ बांधलं, तळं खोदलं, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. लहानपणी ज्याला हाका मारून घसा सुकला, त्याचंच नाव आयुष्यभर प्रत्येक वचनाच्या शेवटी आलं.

सिद्धरामांच्या वाट्याला आणखी एक विशेषण आलं, आणि ते टोचणारं होतं. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात प्रसंग आहे. अल्लमप्रभू सोन्नलगीला येतात. तळ्याचं काम जोरात चालू असतं. 'तो वड्डराम कुठं आहे?' असं ते विचारतात. वड्डर म्हणजे दगडमातीचं काम करणारे. आपल्या गुरूला असं म्हटल्यावर मजूर खवळतात. अल्लमांचं म्हणणं एवढंच की बाहेर देवळं-तळी बांधून झाली, आत काय बांधलंस? पुढं सिद्धराम त्यांच्याबरोबर बसवण्णांच्या कल्याणला जातात, शरणांमध्ये सामील होतात. पण गोष्टीचा खरा शेवट आजच्या समाजात आहे. कर्नाटकातला भोवी-वड्डर समाज सिद्धरामेश्वरांना आपलं कुलदैवत, आपला गुरू मानतो. टोमण्यासाठी वापरलेला शब्द ज्यांच्या धंद्याचा होता, त्यांनी तो नातं म्हणून उचलला.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरते तेव्हा पांढऱ्या बाराबंद्या घातलेले मानकरी सात नंदीध्वज पेलत अडुसष्ट लिंगांची वाट चालतात. सोलापूरकर त्यांना साध्या भाषेत 'काठ्या' म्हणतात. यण्णीमज्जन, म्हणजे तैलाभिषेक, झाल्यावर संमती कट्ट्याजवळ अक्षता पडतात. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामांशी लग्नाचा हट्ट धरला आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं, त्याची ही आठवण. 'हर्र बोला हर्र' हा गजर तेव्हा तिन्ही भाषांच्या तोंडून एकसारखाच येतो.

याच दिवसांना लागून सोलापूरची दुसरी तारीख आहे, 12 जानेवारी. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 1931 मध्ये याच दिवशी येरवड्यात फाशी दिली गेली. आदल्या वर्षी मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं होतं आणि सरकारनं मार्शल लॉ पुकारला होता. सरकारच्या कागदांत ते खुनाचे गुन्हेगार. शहरानं त्यांच्या नावाआधी 'हुतात्मा' लावलं आणि प्रश्न तिथंच निकालात निघाला. आज तो शब्द नाट्यगृहावर आहे आणि पुण्याला जाणाऱ्या गाडीवरही आहे. सोलापूरच्या फलाटावर 'हुतात्मा लागली का?' असं विचारणाऱ्याच्या मनात त्या क्षणी फाशी नसते, जागा मिळण्याची काळजी असते. यात काही बिघडलं असं मानू नये. रोजच्या बोलण्यात इतका मुरलेला शब्द मुलाला कधी तरी विचारायला लावतो की गाडीचं नाव असं का, आणि मग घरातलं कुणी तरी चार नावं सांगतं. त्यातलं एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा आणि एक मुसलमान. मुंबईच्या गाडीचं नाव सिद्धेश्वर. या शहरातून पुण्या-मुंबईला निघणाऱ्याच्या तोंडी दोनांतलं एक विशेषण बहुतेकदा येतंच.

2004 मध्ये स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठाचं 2019 मध्ये 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ' असं नामांतर झालं. 'पुण्यश्लोक' हे अस्सल काव्यातलं विशेषण आहे. इथं श्लोक म्हणजे कीर्ती. सकाळी उठल्यावर ज्यांची नावं घ्यावीत अशा नल, युधिष्ठिर, वैदेही, जनार्दन यांच्यासाठी परंपरेनं ते वापरलं, आणि पुढं अठराव्या शतकातल्या एका विधवा राणीला लोकांनी त्या रांगेत बसवलं. तिनं घाट, बारव, देवळं बांधली ती स्वतःच्या राज्यापुरती नाही, काशीपासून रामेश्वरापर्यंत. पंढरपुरातही होळकर वाडा आहे. इकडं जगभरचे पदवीधर आपल्या विद्यापीठाला लॅटिनमध्ये 'आल्मा माटेर' म्हणतात, पोसणारी आई. 'आल्मा' हेही मूळचं कवींचं विशेषण. धान्याची देवता सेरेस 'आल्मा', आणि ल्युक्रेशियसनं आपल्या काव्याच्या आरंभी व्हीनसलाही हाच शब्द वाहिला. दोन्ही परंपरांनी विद्येच्या घराला नाव देताना बाईच्या पोसण्याकडे पाहिलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पदवीच्या कागदावर हे लांब नाव छापलेलं असतं तेव्हा विद्यार्थ्यानं एकदा तरी त्यातला पहिला शब्द सावकाश वाचावा.

सोलापूरच्याच एका मुलाचं विशेषण चिनी भाषेत आहे. द्वारकानाथ कोटणीस 1910 मध्ये इथं जन्मले आणि 1938 मध्ये काँग्रेसनं पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पथकातल्या पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी 'हुआ' जोडलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दिहुआ'. डिसेंबर 1942 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी ते तिकडेच गेले. त्याच वर्षी जन्मलेल्या त्यांच्या मुलाचं नाव होतं यिनहुआ, भारत-चीन. एका अक्षरानं माणूस किती दूरच्या लोकांचा होऊ शकतो याचं याहून स्पष्ट उदाहरण शोधायला नको.

या सगळ्या नात्यांच्या शब्दांत सर्वांत धारदार शब्द मात्र राजांचा नाही, देवाचाही नाही. तो एका बाईच्या सहीतला आहे. वारकरी संतांच्या मुद्रा बहुतेक नात्याच्या आहेत. एकनाथ 'एका जनार्दनी' म्हणून गुरूचं नाव आपल्या नावाला जोडून घेतात. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायकांनी हीच रीत पुढं नेली. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत विठ्ठल बाप होतो, भाऊ होतो, माहेर होतो. पण मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याची बायको सोयराबाई हिनं आपल्या अभंगांना जी मुद्रा दिली ती 'चोख्याची महारी'. यात नवऱ्याचं नातं आहे, आणि त्याला लागून समाजानं पाठीवर मारलेला शिक्का आहे. तो शिक्का तिनं लपवला नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणात, जिथं कवीचं नाव येतं त्या मानाच्या जागी, तिनं तो स्वतःच्या हातानं बसवला.

तो काय सोसून बसवला असेल, हे समजण्यासाठी पंढरपूरचं देऊळ डोळ्यांसमोर आणायला हवं. चोखोबांना आत प्रवेश नव्हता. 1338 मध्ये मंगळवेढ्याचं कुसू बांधताना ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, देवळाच्या बाहेर. त्यांच्या जातीच्या माणसांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं, तेव्हा कुठं दार उघडलं. मधली सहाशे वर्षं सोयराबाईचे अभंग लोक गात होते. गाणाऱ्याला तिच्या सहीजवळ यावंच लागत होतं, कारण मुद्रा गाळली तर अभंग पुरा होत नाही. ज्यांनी तिला पायरीच्या अलीकडं अडवलं असतं त्यांनीही, तिचा अभंग गायचा तर, हे दोन शब्द स्वतःच्या तोंडानं म्हणायचे होते.

किशोरी आमोणकरांनी तिचा एक अभंग गायला आणि तो महाराष्ट्रभर घरोघरी पोचला. सगळे रंग एक होण्याविषयीचा तो अभंग शेवटी या मुद्रेवर येतो. किशोरीताई ती घाईनं उरकत नाहीत, बाकीच्या चरणांइतकाच सूर तिला देतात. आज सोलापूर-पंढरपूरच्या शाळांच्या स्पर्धांत मुली हा अभंग बसवतात. गुरुजी चाल शिकवतात, ठेका सांगतात, ताना कुठं घ्यायच्या ते दाखवतात. त्याबरोबरच ही सही कुणाची, ती तशी का आहे आणि तिच्या नवऱ्याची समाधी नेमकी कुठं आहे, हेही त्यांनी मुलींना सांगायला हवं, गाणं बसवण्याआधी.